जावळाच्या बोकडाचा वाटा

चैत्रातला रविवार, दुपार. हजर: दादा म्हणजे माझे वडील, आई, मी, माझी धाकटी बहीण रूपा, आणि न कळवता गावाहून आलेले दोघे, दादांचे थोरले भाऊ तात्या व त्यांची बायको नानी. वीज सकाळपासून होती, म्हणजे दुपारी जाणार हे नक्की होतं. फ्रीजरमध्ये: बर्फाचा एक ट्रे आणि मटणाच्या दोन पिशव्या. पुढं जे झालं त्याला हजर असलेल्या माणसांइतक्याच त्या दोन पिशव्याही कारण होत्या, म्हणून त्यांचंही नाव इथं नोंदवते.

सोलापुरात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. खाली घरमालकांचे माग. ते तेलुगू बोलत आणि त्यांचे माग रात्रंदिवस खटखटत, त्यामुळे आमच्या घरात कुणी हळू बोलायला शिकलंच नाही. दादा एका चादरीच्या कारखान्यात फोरमन होते. फ्रीज एका दाराचा, कुणाचा तरी वापरलेला. त्याचा वरचा बर्फाचा कप्पा एवढासा, आणि त्यात चारी बाजूंनी बर्फ साचून आणखी आकसलेला. मायक्रोवेव्ह मात्र बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी, क्रोशाच्या रुमालाखाली मांडलेला होता. कारखान्याच्या मालकांनी स्वतःला नवा घेतला आणि जुना दिवाळीला दादांना दिला. बोनसच्या ऐवजी. आई त्याला ‘मालकाचं उष्टं’ म्हणायची आणि त्याला हात लावत नसे. दादा रविवारी त्यात पापड भाजायचे आणि दाढीचं पाणी गरम करायचे. पापड मधेच करपायचा, कडेला कच्चा राहायचा. आई तो करपलेला भाग मोडून त्यांच्याच ताटात ठेवायची.

आमचं गाव नातेपुत्याच्या अलीकडं. घरची मेंढरं, शेरडं, थोडी कोरडवाहू जमीन. दादा लग्नानंतर शहरात आले, पण भावकीतून गेले नव्हते, आणि भावकीत आहात की नाही हे ठरायचं ते वाट्यावर. जत्रेला बोकड पडलं की पुरुषमाणसं लिंबाच्या डहाळ्या अंथरून त्यावर मटणाचे वाटे घालत. जेवढ्या चुली तेवढे वाटे. पुऱ्या वाट्यात प्रत्येक भागाचा एक तरी तुकडा असायलाच हवा. बरगडी, मांडी, चरबी आणि कलेजी. बाहेरगावच्या चुलीचा वाटा पिशवीत बांधून कुणाबरोबर तरी पाठवायचा. तो ज्याच्या घरी गेला त्यानं त्याच दिवशी शिजवायचा. शिजवला नाही, तर वाटा नाकारला असा अर्थ. आणि ज्यानं वाटा नाकारला त्याला पुढच्या जत्रेला डहाळी नाही, बैठकीत जागा नाही, सुखदुःखाला बोलावणं नाही. दादांना वर्षभर फोरमन म्हणून जो मान मिळायचा त्यापेक्षा त्यांना ती लिंबाची डहाळी मोठी होती. इतकी, की गावाचं नाव निघालं तरी ते खुर्चीत सरळ बसायचे.

त्या वर्षी माघातल्या जत्रेचा वाटा आला तो अर्धा. आईनं ओट्यावर पिशवी उघडली, बोटांनी तुकडे बाजूला करून पाहिले. कलेजी नव्हती, मांडी नव्हती. नुसत्या बरगड्या आणि मानेचं हाड. घेऊन आलेल्या माणसानं दारातच सांगितलं होतं की औंदा पंचांनी ठरवलंय, ज्या चुलीला पोरगा न्हाय तिला अर्धा. मी तेव्हा नववीत होते, रूपा सहावीत. आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्या होतो. दादा म्हणाले, “असू दे. आलाय तर खरं.” आईनं पिशवी परत बांधली, बर्फाच्या कप्प्यात खुपसली आणि म्हणाली, “माझी चूल अर्धी पेटत न्हाई. वरचं अर्धं आणा, मग शिजवते.”

दादांना परत पाठवता येईना, कारण ते नाकारणं झालं असतं. आईला शिजवायचं नव्हतं, कारण ते कबूल करणं झालं असतं. म्हणून ती पिशवी तिथंच राहिली. मी आज एका वसतिगृहाची खानावळ सांभाळते. माझ्या फ्रीजरमधल्या प्रत्येक डब्यावर काय आहे आणि कधी ठेवलं याची चिठ्ठी असते, आणि एकदा उतरवलेलं, म्हणजे बर्फ सुटलेलं, परत गोठवायचं नाही हा नियम मोडणाऱ्या बाईला मी घरी पाठवते. लोक फ्रीजर अन्न टिकवायला वापरतात. आमच्या घरात तो भांडण टिकवायला वापरला गेला. दादा रोज रात्री पाण्याची बाटली काढायला फ्रीज उघडत, वरच्या कप्प्याकडं बघत, आणि दार जरा जोरात लावत. आई तेवढ्याच जोरात भाकरी थापत असे. जेवायला भाकरी, तुरीची आमटी, शेंगाची चटणी. रविवारीसुद्धा. दुसरं मटण आणायची कुणाची हिंमत नव्हती.

मग फाल्गुनात नानीच्या पहिल्या नातवाचं जावळ झालं. नातवाच्या केसांसाठी तिनं स्वतःच्या कळपातलं बोकड दिलं. आम्हाला बोलावणं होतं, आई गेली नाही आणि तिनं दादांनाही जाऊ दिलं नाही. “पोराच्या केसाला बोकड, आणि माझ्या पोरींना मान-बरगडी,” एवढंच ती म्हणाली. दोन दिवसांत मंडईला येणाऱ्या टेम्पोवाल्याबरोबर वाटा आलाच. बर्फाच्या डब्यात ठेवलेला, काळी पिशवी, तोंडाला हळदीत बुडवलेला सुती दोरा, तीन वेढ्यांची गाठ. आईनं ती उघडलीसुद्धा नाही. वजन हातानं पाहिलं नाही. पहिल्या पिशवीच्या शेजारी ढकलली आणि म्हणाली, “एकाला सोबत झाली.”

आता त्या रविवारावर येते. तात्या कुणाच्या तरी लग्नाची बोलणी करायला सोलापुरात आले होते. काम लवकर उरकलं, बस संध्याकाळची, म्हणून आमच्याकडं वळले. सोलापूरचं चैत्रातलं ऊन. तात्यांनी पटका सोडून मांडीवर ठेवला आणि दादांना विचारलं, “जावळाचं मटन कसं लागलं रं?”

“झ्याक!” दादा म्हणाले. “एकदम झ्याक. व्हय का न्हाय गं?”

आई आतून म्हणाली, “मला काय इचारता? तुमीच खाल्लं.”

मी आणि रूपानं एकमेकींकडं पाहिलं नाही. त्या वयात हे आम्हाला चांगलं जमत होतं.

नानी लहानखुरी, काळी, आवाजाला खणखणीत बाई होती. तिनं आणि आईनं एकमेकींना कधी चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. ती पदरानं वारा घेत म्हणाली, “विजे, बर्फ घालून पाणी दे की गं. जीव चाललाय.” मी उठले. पण तिला फ्रीज बघायची हौस असावी, कारण ती माझ्या मागोमाग आत आली आणि मी ट्रे ओढत असताना माझ्या खांद्यावरून वाकली. मग तिचा हात माझ्या बाजूनं पुढं गेला. बर्फातून वर आलेला पिवळा दोरा तिनं दोन बोटांत धरला.

“ह्ये काय गं? ही माजी गाठ हाय.”

स्वयंपाकघरात आई, मी आणि ती. खालच्या मागांचा आवाज.

“मी सोत्ता बांधल्याली गाठ हाय ही. सोडलीबी न्हाईस?” मग बाहेरच्या खोलीला ऐकू जाईल असं, “अवो! ह्येंनी वाटा शिजविला न्हाय! ह्यो बघा बर्फात पुरलाय. आन त्यो जत्रंचाबी हाय शेजारी!”

तात्या दारात आले. त्यांनी पिशव्यांकडं पाहिलं नाही, दादांकडं पाहिलं. “झ्याक लागलं व्हय रं?” ते म्हणाले. दादांच्या कपाळावर जो घाम होता तो उन्हाचा नव्हता. तात्यांनी हातातलं पाण्याचं भांडं न पिता ओट्यावर ठेवलं. “दोन वाटे नाकारलेस. गावात जाऊन मला सांगाय लागंल. माज्या तोंडानं, माज्या सख्ख्या भावाचं.”

“नाकारलं न्हाई, तात्या. तिनं... राहिलं.”

“राहिलं म्हंजी? मटन राहतंय व्हय कुटं?”

आई म्हणाली, “अर्धा वाटा अर्ध्या चुलीवर शिजतो. तसली चूल हितं न्हाई.”

“शालन, तू गप बस,” दादा तिला म्हणाले.

“मी गप हुते म्हणून तर पिशव्या तिथं हायेत.”

 तात्या तडजोडीचे माणूस नव्हते, पण सख्ख्या भावाचं नाव स्वतः खोडायची त्यांचीही तयारी नसावी. शेवटी म्हणाले, “बस हाय दिवस मावळायला. तवर दोन्ही वाटे ह्या चुलीवर शिजले आन माज्या ताटात आले, तर मी गावात कायबी सांगणार न्हाय. न्हाय आले, तर पाणीबी न पिता जातो. आन मग डहाळी इसर.” आणि ते बाहेर जाऊन बसले.

दादा उलथनं घेऊन कप्प्यातला बर्फ फोडायला लागले. पिशव्या भिंतीला चिकटल्या होत्या. निघाल्या तेव्हा दोन दगड होते, एक लांबट, एक गोल. ओट्यावर ठेवला तर ठण्ण वाजला. “मशिनीत टाकतो, लगेच सुटतंय,” म्हणत दादांनी हाताला आली ती पिशवी उचलली. ती जावळाची होती. आईनं दुसरी घेतली. पितळी परात पालथी घातली, तिच्यावर पिशवी आडवी ठेवली आणि पिशवीवर पाण्यानं भरलेली तांब्याची कळशी. दर थोड्या वेळानं पिशवी उलटायची, परात पुसून जागा बदलायची. धातू गारठा ओढून घेतो हे मला पुढं कळलं. आईला ते कुणी सांगितलं होतं ठाऊक नाही. मी आजही घाईच्या वेळी हेच करते, ॲल्युमिनियमच्या दोन पातेल्यांत.

बाहेर दादांनी क्रोशाचा रुमाल काढला, काळी पिशवी गाठीसकट काचेच्या ताटलीवर ठेवली, आणि कुठलं बटण कशाचं हे ठाऊक नसल्यानं जे पापडाला दाबायचे तेच दाबलं. आतला दिवा लागला. ताटली फिरू लागली. पिवळी गाठ समोर यायची, मागं जायची, परत समोर यायची, आणि तात्या, नानी, दादा, रूपा असे सगळे तिच्याकडं बघत बसले होते. नानीच्या चेहऱ्यावर तेव्हा जो राग होता तसा मी नंतर फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिला. पिशवीच्या कडेनं वाफ यायला लागली. वितळलेल्या प्लॅस्टिकचा आणि अर्धवट शिजलेल्या मटणाचा वास खोलीभर झाला. आणि मग आतून फट्ट असा आवाज आला, पाठोपाठ दुसरा. रूपा किंचाळली. दादांनी दार उघडलं त्याच वेळी वीज गेली.

पिशवी फाटली होती. कडेचे तुकडे पांढरे होऊन शिजले होते, मधे अजून बर्फ. आणि फाटलेल्या जागेतून बाहेर आलेली, फुटून करडी झालेली, काचेवर शिंतोडे उडवलेली जी गोष्ट होती ती कलेजी होती. तुकडा नव्हे. चांगली ओंजळभर.

आई हात पुसत बाहेर आली आणि थांबली. नानीनं ताटली उचलून तिच्यासमोर धरली.

“जत्रंचा वाटा पंच घालत्यात. त्यो अर्धा आला, मला ठावं हाय. मी बाईमाणूस, मला कोण इचारतंय. पर जावळाचं बोकड माजं हुतं. वाटा मी घातला. ह्या दोन पोरींचा म्हणून कलेजी सगळी हितं बांधली. जावळाच्या पोराला न्हाय दिली, हितं दिली. आन तू गाठबी सोडली न्हाईस?”

मी आईकडं पाहिलं. आता ती काहीतरी मऊ बोलेल असं मला वाटलं. निदान खाली बघेल. तिनं ताटली हातात घेतली, त्यातल्या मांडीच्या तुकड्यांवरून, चरबीवरून बोट फिरवलं, जणू बाजारात माल तपासतेय, आणि म्हणाली, “हा पुरा हाय. खरं. म्हंजी एक पुरा आन एक अर्धा. अर्धा अजून तुमच्याकडं बाकीच हाय, आक्का.”

 नानीनं पदर खोचला. “सरक,” ती म्हणाली. “पीठ कुटं हाय?”

याला कुणी समेट म्हणू नये. दोन बायका एकमेकींशी एक शब्द न बोलता त्या एवढ्याशा, अंधाऱ्या, तापलेल्या स्वयंपाकघरात वावरत होत्या, आणि एकीचा कोपर दुसरीला लागला की दोघी थांबत, सरकत नसत. दादांनी मशिनीतलं मटण वीज येईपर्यंत तसंच ठेवू म्हटल्यावर आई त्यांच्यावर ओरडली, “अर्धं शिजल्यालं ठेवतात व्हय? नासंल ते!” एवढ्यावर मात्र दोघींचं एकमत होतं, कारण नानीनंही मान हलवली आणि लगेच दुसरीकडं पाहिलं. शिजलेले कडेचे तुकडे आईनं बाजूला काढले, बर्फाचा गोळा परातीवर चढवला, आणि जत्रेचं मटण सुटलं तसं हळद-मीठ लावून कुकरला लावलं. आधी अळणी, म्हणजे बिनतिखटाचं पाणी, मग भाजलेलं खोबरं-कांदा आणि काळं तिखट घालून रस्सा. नानी भाकरी थापत होती. ती काठवटीत इतक्या जोरानं थापायची की खालच्या घरमालकीणबाईंनी जिन्यातून विचारलं, काय पडलं का?

ऊन उतरलं तसं ताट वाढलं. दोन्ही वाटे एकाच पातेल्यात शिजले होते, पण कुठला तुकडा कुठला ते ओळखू येत होतं. परातीवर उतरलेलं मऊ, हाडाला धरून. मशिनीतलं कडेला चिवट, दोऱ्यासारखं. तात्यांनी दोन्हींतला एकेक घास खाल्ला, रस्सा भुरकला, पाणी प्याले. “शिजला,” ते म्हणाले. दादांनी सोडलेला श्वास मला पलीकडच्या खोलीत ऐकू आला. त्यांची डहाळी राहिली होती. त्या दिवसानंतर आईशी ते महिनाभर बोलले नाहीत, तो भाग वेगळा.

नानी जेवली नाही. तिनं ती करडी कलेजी एका ताटलीत घेतली, मीठ भुरभुरलं आणि आम्हा दोघी बहिणींपुढं ठेवली. “खा,” ती म्हणाली. “तुमचीच हाय.” ती खोडरबरासारखी झाली होती. दातांखाली करकरत होती, आणि तिला प्लॅस्टिकचा वास होता. रूपानं एक घास घेऊन पाणी मागितलं. मी सगळी संपवली, कारण समोर नानी उभी होती आणि मागं आई, आणि दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. कलेजी मंद आचेवर, वर-खाली करून, दोन मिनिटांत उतरवायची असते. खानावळीत नव्या बाईला मी हे पहिल्या दिवशी शिकवते. का ते सांगत नाही.

निघताना नानी जिन्यात थांबली. “शालन, हितनं फुडं वाटा पुरुषमाणसं बांधतील. माजा हात न्हाय लागायचा.”

“बरं,” आई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर दर वर्षी अर्धाच वाटा आला. आई आणणाऱ्यासमोर उंबऱ्यावर गाठ सोडायची, आत कलेजी नाही हे त्याला दाखवायची, आणि त्याच दिवशी शिजवायची. दादांच्या ताटात पहिला तुकडा वाढताना म्हणायची, “घ्या, तुमची डहाळी.” तात्या गेले, पुढं दादाही गेले. मायक्रोवेव्ह दादांबरोबर बंद पडला. माझ्या घरी आता नवा आहे, त्यावर उतरवायचं बटण वेगळं आहे, आणि ते मला नीट वापरता येतं. आई माझ्याकडं असते, तिच्या चुलीचा वाटाही आता इकडंच येतो. तिचं नानीबद्दलचं मत बदललेलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. जी बाई बोलायला तोंड असताना गाठीनं बोलायला गेली, आणि जी बाई हात असताना गाठ सोडायला तयार नव्हती, त्या दोघींमध्ये मला ती कलेजी चावावी लागली.

यंदा जत्रा झाली. वाटा घेऊन आला तो ज्याच्या जावळाचं बोकड होतं तोच, नानीचा नातू. आता दाढीवाला, मोटारसायकलवर, पाठीला थंड डबा. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाला, “आत्या, आजी अंथरुणाला खिळलीया. पर औंदा तिनं सोत्ता बांधलंय. तिनं म्हटलंय, शालनला म्हणावं उगडून बघ.”

पिवळा दोरा, तीन वेढे.

मी आईपुढं नेली. आई चष्मा लावून तांदूळ निवडत होती. तिनं गाठीकडं पाहिलं आणि म्हणाली, “फ्रीजरात टाक.”

“आई, बघ तरी.”

“आत असंल तर काय बोलू तिला? आन नसंल तर काय बोलू? टाक म्हटलं ना.”

आठवड्यानं नातवाचा फोन आला, आजी विचारतेय, उघडलं का? मी म्हटलं, खानावळीत गर्दी आहे, वेळ झाला नाही. परवा परत आला. त्याच्या मागं नानीचा आवाज ऐकू येत होता, पूर्वीइतका खणखणीत नव्हे; काय म्हणाली ते कळलं नाही. गोठलेल्या पिशवीत कलेजी आहे की नाही हे बाहेरून दाबून कळत नाही, मी दाबून पाहिली आहे. उतरवल्याशिवाय कळणार नाही, आणि उतरवली की परत गोठवता यायची नाही, त्याच दिवशी शिजवावी लागेल.

आज रविवार. फ्रीजच्या दारावरच्या यादीत गॅस नोंदवणे, दळण, रूपाच्या मुलीचा डबा या सगळ्यांवर रेघ मारून झाली. दर रविवारी जुनी यादी काढून नवी लावते तेव्हा एक ओळ तशीच खाली उतरवून घेते, आजही घेतली: ‘नानीची पिशवी, रात्री खालच्या कप्प्यात उतरवणे.’